‘पाडस’ कुणाच्या हातात द्यायचं?

सातवीतला एक मुलगा रविवारी सकाळी ‘पाडस’ परत द्यायला आला. तीन आठवडे पुस्तक त्याच्याकडं होतं. वर घातलेलं वर्तमानपत्राचं कव्हर तेलकट झालं होतं आणि आत खूण म्हणून उसाच्या पाचटाची एक पाती होती. खूण शेवटाच्या जरा अलीकडंच अडकलेली. “झालं का रे वाचून?” म्हटलं, तर त्यानं मान हलवली. “नाय काकू. तिथनं पुढं नाय वाचायचं मला. मारत्यात ना त्याला?”

मी त्याला शेवट सांगितलेला नव्हता. हरीण पिकात शिरलं की काय होतं, हे त्याला पुस्तकाच्या आधीपासून ठाऊक होतं. त्याचं आजोळ सुप्याकडचं. तिथलं मयूरेश्वर अभयारण्य 1997 साली जाहीर झालं. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं गवताळ रान, चिंकाऱ्यांसाठी राखलेलं. पण हद्द कुठं संपते हे चिंकाऱ्याला कोण सांगणार? ती शेजारच्या शेतात उतरतात, कोवळे शेंडे खुडतात. मामाबरोबर हा मुलगा रात्री राखणीला गेलेला आहे. बॅटरीच्या झोतात चमकणारे डोळे त्यानं पाहिलेत आणि मामाची शिवीही ऐकली आहे. त्यामुळं फ्लोरिडाच्या जंगलातल्या ज्योडीचं लाडकं पाडस मक्याचे कोंब खाऊ लागलं, तेव्हाच पणदऱ्यातला हा मुलगा काय ते समजला.

मार्जोरी रॉलिंग्ज यांची ही कादंबरी 1938 सालची. पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं. राम पटवर्धनांनी ती मराठीत आणली, हे मराठी मुलांवरचं मोठं ऋण आहे असं मी मानते. त्या दिवशी मी नोंदवहीत ‘परत’ असं लिहिलं आणि पुस्तक पेटीत न ठेवता बाहेर, खिडकीत ठेवलं. शेवटची पानं वाचायचीच असा आग्रह मी करणार नव्हते. पण त्याला परत हवंसं वाटलं, तर ते दिसायला हवं होतं.

ही पुस्तकं आमच्या पडवीत दोन लोखंडी पेट्यांत असतात. सगळी मिळून दीडशेच्या आसपास. दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा पेट्या उघड्या. येणारी मुलं पाचवी ते आठवीतली. पणदरे हे बारामती–नीरा रस्त्यावरचं गाव, बागायती पट्ट्यातलं. नीरा डाव्या कालव्याचं पाणी, त्यावर ऊस, आणि जवळच माळेगावचा साखर कारखाना. तालुक्याचा जिरायती भाग तिकडं सुपे-मोरगावकडं. आमच्या गावात बहुतेक घरांतून बरा मोबाइल आहे, दुचाकी आहे, मुलांना क्लास आहेत. गोष्टीचं पुस्तक असलेलं घर मात्र शोधावं लागतं.

पालकांना पुस्तक नको असतं असं नाही. “पोरगं वाचत नाय, काय तरी करा,” असं म्हणत आया मुलांना घेऊन येतात. पण मुलानं कादंबरी उघडली की आठ दिवसांत तक्रार येते, “अभ्यासाचं सोडून हेच घेऊन बसतो.” आपल्याकडं या वाचनाला ‘अवांतर वाचन’ म्हणतात. मला हा शब्द खुपतो. अवांतर म्हणजे मुख्य सोडून इतर, वेळ उरला तर करायचं. बारा वर्षांच्या मुलाच्या मनात जे चाललेलं असतं, आईबापांविषयीचा राग, मित्रानं फसवल्याची जळजळ, आपण कुणासारखे दिसतो याची चिंता, ते सगळं ज्या पुस्तकांत आहे ती पुस्तकं अवांतर, आणि नवोदयची गाईडं मुख्य!

मी शिकले त्या शाळेत पुस्तकांचं कपाट होतं. काचेचं, कुलूपबंद. काचेतून पुस्तकांच्या पाठी वाचता यायच्या. पुस्तक हरवलं की डेडस्टॉक रजिस्टरला तूट दिसते आणि ती गुरुजींच्या अंगावर येते, म्हणून कपाट उघडायचंच नाही, असा तो कारभार होता. सात वर्षांत त्या कपाटातलं एक पुस्तक माझ्या हाताला लागलं नाही. त्यात गुरुजींचाच सगळा दोष होता असं मी म्हणणार नाही. पण पुस्तक गहाळ होण्याच्या भीतीनं आपण किती मुलं गहाळ केली, याचं रजिस्टर कुणी ठेवलं नाही.

पेट्या सुरू केल्या तेव्हा मीही चुकले. मुलाचं वय विचारायचे आणि त्या वयाचं पुस्तक काढून द्यायचे. बारा वर्षांचा मुलगा, म्हणून बारा वर्षांच्या मुलाचं जाड पुस्तक. ते दुसऱ्या रविवारी जसंच्या तसं परत यायचं. सहावी-सातवीतली कितीतरी मुलं अजून अक्षर जोडत, बोट ठेवून वाचतात. पण अशा मुलाला मोठ्या टायपातलं, हत्ती-सशाच्या चित्रांचं पुस्तक दिलं की तो ते शर्टाखाली लपवून नेतो आणि पुढच्या रविवारी येतच नाही. त्याचं मन बारा वर्षांचं आहे, वाचन आठ वर्षांचं. त्याला विषय थोरला आणि वाक्य धाकटं हवं.

अशा मुलांसाठी माझा पहिला आधार भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा बनेश फेणे, काडीसारखा, सायकलवर वारा प्यालेला, तोंडानं ‘टॉक्’ असा आवाज काढणारा. 1910 ते 2001 एवढं आयुष्य लाभलेल्या भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला, 1951 साली ‘बालमित्र’ मासिक काढलं. पण आमच्या मुलांना ते काही माहीत नसतं, माहीत असायची गरजही नाही. त्यांना एवढं सांगितलं की पुरतं, “जेजुरी-सासवडवरनं पुण्याला जाताना दिवे घाट उतरला की हडपसरच्या अलीकडं फुरसुंगीचा फाटा लागतो ना, तिथला हा पोरगा.” मग डोळे चमकतात. एसटीच्या खिडकीतून पाहिलेल्या फाट्यावर कुणी नायक राहत असेल असं त्यांना कधी वाटलेलं नसतं. वाक्यं छोटी, संवाद भरपूर, पानापानाला काहीतरी घडतं. दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’ही असाच हातोहात जातो. बोक्या मूळचा आकाशवाणीवरचा. कानासाठी लिहिलेलं असल्यानं अडखळत वाचणाऱ्यालाही तो सोपा पडतो, असा माझा अनुभव आहे.

कानावरून आठवलं. श्रीधरस्वामींचं ‘शिवलीलामृत’ 1718 साली बारामतीत, कऱ्हेच्या काठी पुरं झालं. पुढं मोरोपंतही याच बारामतीत राहिले. आमच्या भागात श्रावणात अजून घरोघरी ही पोथी निघते. माझ्या आजेसासूबाईंना अक्षरओळख नव्हती, पण अकरावा अध्याय त्यांना पाठ होता, कारण वर्षानुवर्षं कुणीतरी वाचायचं आणि त्या ऐकायच्या. म्हणजे या मातीत ग्रंथ आला तो कानानं आला. मग मुलांना कादंबरी देताना आपण एकदम डोळ्यांपासून का सुरुवात करतो?

हे लक्षात आल्यापासून मी पुस्तक नुसतं हातात ठेवत नाही. आधी वाचून दाखवते. दर रविवारी पंधरा मिनिटं, एक प्रकरण, आणि ऐन मोक्याच्या जागी थांबते. ‘श्यामची आई’ अशीच द्यावी असं माझं ठाम मत झालं आहे. साने गुरुजींनी ती 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली, 1935 मध्ये ती पुस्तकरूपानं आली. तिच्या प्रकरणांना ‘रात्र’ म्हणतात. श्याम रोज रात्री सोबत्यांना आठवणी सांगतो, अशी तिची मांडणीच आहे. ती एकट्यानं, बक्षीस म्हणून मिळालेल्या पुस्तकातून सलग वाचली की आजच्या मुलाला जड जाते, रडकी वाटते. तीच एकेक रात्र कुणी मोठ्यानं वाचली की अंगाला भिडते. पोहायला न जाणाऱ्या श्यामला आई शिपटीनं मारते ते प्रकरण वाचून झालं आणि कालव्याकाठची आमची पोरं कितीतरी वेळ स्वतःच्या पोहणं शिकण्याच्या गोष्टी सांगत होती. कुणाला बापानं ढकललेलं, कुणाला चुलत्यानं पाठीला डबा बांधून सोडलेलं.

दानियेल पेनाक नावाचे एक फ्रेंच शिक्षक-लेखक आहेत. त्यांनी 1992 साली एका पुस्तकात वाचकाचे दहा हक्क सांगितले. न वाचण्याचा, पानं गाळण्याचा, पुस्तक अर्ध्यावर सोडण्याचा, मोठ्यानं वाचण्याचा हक्क त्यात आहे. वाचनाला विटलेल्या पोरांना त्यांनीही वर्गात वाचून दाखवूनच पुस्तकांकडं आणलं. आमच्या पडवीतही पुस्तक अर्ध्यावर परत केलं तर कारण विचारत नाही. ‘तात्पर्य काय?’ तर कधीच नाही. प्रश्न विचारला तर एकच, “कुठवर आलास?”

आठवीतल्या मुलांचं वेगळं. त्यांना ‘मुलांचं पुस्तक’ म्हटलेलं चालत नाही. त्यांच्यासाठी व्यंकटेश माडगूळकर. ‘बनगरवाडी’ 1955 सालची, माणदेशातल्या मेंढपाळांच्या वाडीवर आलेल्या एकट्या मास्तराची. ती मुलांसाठी लिहिलेली नाही. पण पहिली काही पानं वाचून दाखवली तेव्हा मागं बसलेला एक जण खुसखुसला, “ह्ये तर आपल्यासारखंच बोलत्यात!” त्याच्या मते पुस्तकातली माणसं ‘नाही’ आणि ‘आहे’ बोलतात, ‘नाय’ आणि ‘हाय’ म्हणणारी माणसं पुस्तकाबाहेर राहतात. शाळेत त्याच्या बोलण्यावर लाल रेघ येते. इथं तीच बोली छापलेली होती. तो मुलगा धनगराचा. त्यानं पुस्तक नेलं आणि वाड्यावरच्या चुलत्याला वाचून दाखवलं.

आनंद यादवांची ‘झोंबी’ही मी याच मुलांना देते, पण निवडक प्रकरणं. 1987 साली आलेल्या आणि 1990 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या या आत्मचरित्रात्मक कादंबरीत कागलचा आनंदा शाळेसाठी बापाशी झगडतो. बाप त्याला रानात जुंपतो. गुऱ्हाळ, उसाला पाणी, म्हसरं, आणि या सगळ्यात तो कविता चालीवर म्हणत दारं धरतो. यातला एक भाग ‘जूझ’ नावानं सीबीएसईच्या बारावीच्या हिंदीच्या पुस्तकात आहे, म्हणजे दिल्ली-लखनौची मुलं तो वाचतात. पणदऱ्यात तो कुणी ऐकलेलाही नव्हता. रात्रपाळीच्या विजेवर दारं धरायला जाणारी मुलं इथं आजही आहेत. त्यांना हा आनंदा कुठं भेटणार?

‘शाळा’चा प्रश्न दरवर्षी येतो. मिलिंद बोकिलांची ही 2004 सालची कादंबरी, आणीबाणीच्या काळातल्या नववीच्या मुकुंद जोशीची. सिनेमा पाहिलेली मुलं ती नाव घेऊन मागतात. त्यात शिव्या आहेत, मुकुंदला आवडणारी शिरोडकर आहे, मुलांच्या मनात जे असतं ते आहे. एक पालक रागावून आले होते. मी त्यांना बसवून चहा दिला आणि पंधरा पानं वाचायला दिली. वाचून ते म्हणाले, “खरं हाय, पण पोराला कशाला?” मी एवढंच म्हटलं की त्याच्या मोबाइलवर जे येतं ते कुणी वाचून पाहत नाही, हे तरी आपण दोघांनी वाचलं. ते कितपत पटलं कोण जाणे. आठवी संपताना, मागणाऱ्याला मी ती देते. न मागणाऱ्याच्या हातात कोंबत नाही.

आता मला जे सगळ्यात जास्त सलतं ते सांगते. पेटी समोर मांडून एकदा नावं वाचली. श्याम, गोट्या, फास्टर फेणे, बोक्या, प्रकाश नारायण संतांचा लंपन, मुकुंद, आनंदा. सगळे मुलगे. मराठीत मुलग्याचं बाळपण केवढं भरभरून आलं आहे! मुलीचं कुठं आहे? ना. धों. ताम्हनकरांनी ‘गोट्या’बरोबर ‘चिंगी’ही लिहिली. माधुरी पुरंदऱ्यांची राधा आहे, पण ती लहान मुलांची. संगीता बर्वे यांच्या ‘पियूची वही’ला 2022 चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, त्यात मुलगी स्वतःच्या वहीत लिहिते. ते पुस्तक आमच्याकडं कधी पेटीत नसतं, कायम कुणाच्या तरी घरी असतं. बाकी मग शांता शेळक्यांनी केलेलं ‘चौघीजणी’, जपानची ‘तोत्तोचान’, अ‍ॅन फ्रँकची डायरी. म्हणजे आमच्या मुलींना आपल्या वयाची मैत्रीण भेटायला अमेरिकेला, जपानला, ॲमस्टरडॅमला जावं लागतं. ‘चौघीजणी’तली ज्यो भेटली की त्या खूष होतात, यात शंका नाही. पण वयात येताना पणदऱ्यातल्या मुलीचं जे होतं, रविवारी येणं अचानक बंद होतं, ‘आता मोठी झालीस’ म्हणून सायकल भावाला जाते, त्याची मराठी कादंबरी मला द्यायची आहे आणि माझ्या पेटीत ती नाही.

पाचवी-सहावीत पडवीत मुली जास्त असतात. आठवीत मुलगेच उरतात. म्हणून आता मी पुस्तक आईच्या हातात देते. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ त्यासाठी फार उपयोगी पडलं. 1981 पासून मराठी घरांत ते फिरतं आहे. कार्व्हरनं कापसानं खंगलेल्या जमिनीत भुईमूग आणला, हे वाचून क्षारपड रानाची काळजी असलेला बापही ते हातात घेतो. बापानं एकदा पुस्तक उघडलं की मुलीच्या वाचण्याला कुणी नाव ठेवत नाही.

निवड कशी करायची असं शिक्षक विचारतात. मी त्यांना माधुरी पुरंदऱ्यांनी संपादित केलेलं ‘वाचू आनंदे’ दाखवते. त्याचे कुमारगटाचे दोन भाग आहेत. मराठीतल्या उत्तम पुस्तकांतले उतारे, सोबत भारतीय चित्रं. उतारा आवडला की मूळ पुस्तक शोधायचं. बालभारतीचं ‘किशोर’ 1971 पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत आहेत, त्यातल्या गोष्टी छापून देता येतात. साहित्य अकादमीच्या बालसाहित्य पुरस्कारांची यादीही पाहावी. सलीम सरदार मुल्ला यांची ‘जंगल खजिन्याचा शोध’, संजय वाघ यांची ‘जोकर बनला किंगमेकर’, भारत सासणे यांची ‘समशेर आणि भूतबंगला’ अशा कादंबऱ्या तिथं सापडतात. पण यादी वाचून पुस्तक देऊ नये. आधी स्वतः वाचावं. आपण न वाचलेलं पुस्तक मुलाला सुचवलं, तर ते त्याला लगेच कळतं.

दिवाळीच्या सुमारास गावाबाहेर माळावर कोप्या पडतात. बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या येतात, धारूरच्या, पाटोद्याच्या, आष्टीच्या. नवराबायको मिळून एक कोयता. मुलं सोबत. त्यांच्यासाठी शिक्षण हमी कार्ड आहे, गावाकडं हंगामी वसतिगृहं आहेत, साखरशाळांचे प्रयोग झाले. तरीही पहाटे आईबाप फडात गेल्यावर कोपीत धाकट्याला सांभाळत बसलेली मुलगी प्रत्येक हंगामात दिसते. पडवीत ही मुलं येत नाहीत, म्हणून मी एक पेटी स्कूटीवर घेऊन तिकडं जाते.

मागच्या हंगामात अशी एक मुलगी होती, बारा-तेराची. कडेवर भाऊ, हातात वाढ्याची पेंढी. तिनं ‘बोक्या’ घेतला. दुसऱ्या रविवारी विचारलं, “कुठवर आलीस?” तर म्हणाली, “चौथ्या पानावर. पण तीन डाव वाचलं.” मग ती रोज संध्याकाळी चुलीच्या उजेडात पुढचं पान शेजारच्या कोपीतल्या पोरांना वाचून दाखवायला लागली. ज्या जागी तिला शब्द लागत नसे तिथं ती स्वतःचं घालायची. मी एकदा बसून ऐकलं. तिचा बोक्या मुंबईत राहत नव्हता, टायरगाडीवर बसून कारखान्याला निघाला होता.

अमेरिकेत एस. ई. हिंटन नावाच्या मुलीनं शाळेत असतानाच एक कादंबरी लिहायला घेतली, कारण तिच्या गावातल्या गरीब, टोळीनं फिरणाऱ्या पोरांसारखं कुणी पुस्तकांत नव्हतं. ‘द आउटसायडर्स’ 1967 साली आली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. कुमारांच्या कादंबऱ्यांचा तिकडचा इतिहास सांगताना आजही सुरुवातीलाच तिचं नाव येतं. त्या कोपीसमोर बसले होते तेव्हा मला हिंटन आठवली. कोयत्याबरोबर फिरणाऱ्या मुलीची कादंबरी कोण लिहील, तर कदाचित न येणाऱ्या शब्दाच्या जागी स्वतःचा शब्द घालणारी हीच. तिला कोरी वहीही द्यायची राहून गेली, याची रुखरुख मला वर्षभर लागली आहे.

मार्चमध्ये हंगाम संपला, पट्टा पडला आणि टोळी रात्रीतून गेली. सकाळी माळावर चुलींची राख आणि पाचट. नोंदवहीत अकरा पुस्तकांपुढचा ‘परत’चा रकाना कोरा राहिला. पुढच्या वेळी अनामत ठेवून घ्या असं एकानं सुचवलं. मी ते करणार नाही. ती अकरा पुस्तकं बीड जिल्ह्यातल्या कुठल्या तरी वाडीवर आहेत. तिथं जर कुणी ती मोठ्यानं वाचत असेल, तर ती योग्य जागी आहेत.

‘पाडस’ दिवाळीच्या सुट्टीत खिडकीतून गेलं. सांगून नेलं नाही, पण त्या जागी पाचटाची पाती ठेवलेली होती.

या आठवड्यात माळावर पुन्हा कोप्या उभ्या राहिल्या आहेत. येत्या रविवारी पेटी न्यायची आहे. ‘बोक्या’ची नवी प्रत आणली, फास्टर फेणेचे तीन भाग घेतले, ‘पियूची वही’ एका मुलीकडून मागून घेतली. शंभरपानी दहा वह्या आणि पेनं तळाशी घातली होती. मग विचार केला, आणि ती काढून सगळ्यांत वर ठेवली.